राखीव आकडे

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मुर्रीहून बाबांचा फोन आला. मी पुण्यात ऑफिसमध्ये होते. कामाच्या वेळात बाबा कधी फोन करत नाहीत, त्यामुळे रिंग वाजली तेव्हाच पोटात गोळा आला.

"टीव्हीचं रिचार्ज केलं, पैसे कटले, पण चॅनल काही सुरू होऊन नाही रायले. म्हणून कंपनीच्या नंबरवर फोन केला. पोरगा मोठा गोड बोलला..."

पुढचं मला कळलंच. नंबर बाबांनी मोबाइलवर शोधला होता आणि सगळ्यात वर जो दिसला तो लावला होता. त्या गोड बोलणाऱ्या पोरानं एक अ‍ॅप टाकायला सांगितलं आणि दहा मिनिटांत खात्यातून आठ हजार चारशे रुपये गेले. मी त्यांना आधी १९३० वर तक्रार नोंदवायला लावली, मग बँकेत पाठवलं. रात्री पुन्हा बोलणं झालं तेव्हा विचारलं, "बाबा, तो नंबर १८०० नं सुरू होत होता का?"

"नाही. दहा आकडी होता, मोबाइलवानी. पण त्यानं काय फरक पडते? आता तं सगळेच फोन फुकट आहेत."

या प्रश्नावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझा दिवस सॉफ्टवेअर लिहिण्यात जातो, कोणता आकडा कोणत्या टेबलात कुठे जाऊन मिळतो हे बघण्यात. तरी टोल फ्री नंबर म्हणजे फुकटचा नंबर, यापलीकडे मीही कधी विचार केला नव्हता. फोन फुकट झाल्यावर त्या नंबरात उरतं काय? हे शोधायला मागे जावं लागलं. तीच ही गोष्ट.

*

फोन महाग होता त्या काळापासून सुरुवात करू. गोंदियाचा एसटीडी कोड ०७१८२, नागपूरचा ०७१२. रेल्वेनं गेलं तर मधलं अंतर साधारण १३० किलोमीटर, पण फोनच्या हिशोबात हे दुसरं गाव, दुसरा दर. अंतर वाढलं की पल्स लवकर पडायची. रात्री उशिरा दर उतरायचा, म्हणून लोक जेवणं आटोपून बूथवर रांग लावायचे. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, तिनं भारतीय हवामानात आणि धुळीत टिकणारी छोटी एक्स्चेंज बनवली, आणि पुढच्या काही वर्षांत पिवळ्या पाट्यांचे पीसीओ देशभर उभे राहिले. मी लहान असताना आमच्याकडे त्यांचं शेवटचं रूप उरलं होतं: किराणा दुकानाच्या काउंटरवरचा लाल डबा आणि त्यात टाकायचा एक रुपया.

अशा काळात एखाद्या कंपनीला किंवा सरकारी खात्याला लोकांनी फोन करावा असं वाटत असेल, तर त्या एका रुपयाचं काय करायचं? माणूस बोलण्याआधी पैशाचा विचार करतो. तक्रार करायची तर आणखी जास्त करतो.

हा प्रश्न अमेरिकेत खूप आधी आला होता. तिथे दूरचे फोन ऑपरेटर जोडून द्यायची, आणि ज्याला फोन केला त्यानं पैसे भरायचे अशी सोय होती. पण त्यासाठी प्रत्येक वेळी ऑपरेटरनं पलीकडच्याला 'पैसे भरणार का?' असं विचारायचं. रोज शंभर फोन येणाऱ्या दुकानाला ते परवडेना. मग 'झेनिथ' नंबर आले. तुम्ही ऑपरेटरला 'झेनिथ' म्हणून पुढचे आकडे सांगायचे, ती समोरच्या कागदी यादीत बघायची, खरा नंबर शोधायची आणि जोडून द्यायची. तिथल्या फोनच्या तबकडीवर आकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरंही असायची, पण झेनिथचं पहिलं अक्षर त्यात नव्हतं. म्हणजे हा नंबर स्वतः फिरवता येणंच शक्य नव्हतं, ऑपरेटरकडे जावंच लागे.

ही कागदी यादी महत्त्वाची आहे. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ती यादी कुणाच्या हातात गेली याचा इतिहास आहे.

१९६७ मध्ये एटी अँड टी या कंपनीनं ८०० नं सुरू होणारे नंबर आणले. आता ऑपरेटरची गरज नव्हती. पण सुरुवातीच्या पद्धतीत नंबर आणि जागा एकमेकांना घट्ट बांधलेल्या होत्या. ८०० नंतरचे आकडे बघून फोन कुठे न्यायचा ते यंत्रणा ठरवायची. राज्यातल्या राज्यात येणाऱ्या फोनसाठी एक नंबर आणि बाहेरच्या राज्यांसाठी दुसरा, असे दोन-दोन नंबर कंपन्या जाहिरातीत छापायच्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही गाठ सुटली. फोन आला की एक्स्चेंज थांबायचं, एका मध्यवर्ती डेटाबेसला विचारायचं, 'हा नंबर आत्ता खरा कुठे जातो?' उत्तर आलं की तिकडे जोडायचं. ऑपरेटरची कागदी यादी संगणकात गेली.

आजही टोल फ्री नंबर असाच चालतो. १८०० नं सुरू होणारा कुठलाही 'फोन' या जगात कुठल्याही टेबलावर ठेवलेला नाही. ते फक्त एक नाव आहे. दिवसा ते नाव एका शहरातल्या कॉल सेंटरकडे बोट दाखवतं, रात्री दुसऱ्या. माणसं बदलतात, इमारत बदलते, नाव तेच राहतं.

*

आणि नाव म्हटलं की ते मिळवायची धडपड आली.

अमेरिकेत ८०० नंतर सात आकडे येतात, आणि त्या सातातला पहिला आकडा शून्य किंवा एक असू शकत नाही. म्हणजे सगळे मिळून ८० लाख नंबर. १९६७ मध्ये हा साठा कधी संपेल असं कुणाला वाटलंही नसेल. पण १९९३ मध्ये नियम आला की कंपनीला आपला ८०० नंबर घेऊन एका टेलिफोन कंपनीकडून दुसरीकडे जाता येईल. नंबर आता खऱ्या अर्थानं मालकीचा वाटू लागला आणि मागणी वाढली. पेजरवाले, घरगुती ग्राहक सगळे घेऊ लागले. १९९५ च्या जूनमध्ये नंबरांचं चक्क रेशनिंग करावं लागलं, आणि १ मार्च १९९६ ला ८८८ ही दुसरी मालिका उघडली.

मग वेगळंच भांडण. ज्यांचे ८०० नंतरचे सोपे, शब्द जुळवलेले नंबर लोकांच्या तोंडी बसले होते, ते म्हणाले, 'तेच सात आकडे ८८८ मध्ये दुसऱ्यानं घेतले तर आमची गिऱ्हाइकं तिकडे जातील.' त्यांच्यासाठी काही ८८८ नंबर बाजूला राखून ठेवावे लागले. गरज नसताना नंबर अडवून ठेवणं, साठवणं, विकणं यावर १९९७ मध्ये तिथल्या नियामकानं बंदी घातली. नियम साधा होता: जो आधी मागेल त्याला मिळेल. पण चांगल्या नंबरावर एकाच वेळी अनेकांचा डोळा असतो. शेवटी २०१९ च्या डिसेंबरमध्ये ८३३ मालिकेतल्या सतरा हजारांहून जास्त नंबरांचा लिलावच झाला. फोन करणाऱ्याला जो नंबर फुकट, त्यासाठी घेणाऱ्यांनी बोली लावल्या.

*

आपल्याकडे सुरुवातीला टोल फ्री नंबर १६०० नं सुरू व्हायचे. नंतर ते १८०० झाले. पुढचे आकडे वाचता आले तर त्यात भूगोल सापडतो. १८००-११ म्हणजे दिल्लीच्या एमटीएनएलचा, १८००-२२ म्हणजे मुंबईच्या. ११ आणि २२ हे त्या शहरांचे एसटीडी कोडच. १८०० नंतर तीन आकडी कोड असेल तर तो सेवा देणाऱ्या टेलिफोन कंपनीचा, आणि शेवटचे चार आकडे ग्राहकाचे. चार आकड्यांत दहा हजार नंबर बसतात. म्हणजे एका कोडमागे दहा हजारांची एक पेटी, आणि ग्राहकानं त्या पेटीतून निवडायचं.

महावितरणचं वीजबिल हातात घेऊन बघा. १८००-२३३-३४३५ आणि १८००-२१२-३४३५. मधले तीन आकडे वेगळे, शेवटचे चार तेच. आमच्या घरी पावसाळ्यात लाइट गेली की बाबा अंधारात ३४३५ म्हणूनच नंबर आठवतात, बाकीचं आईला विचारतात. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याला २०११ मध्ये देशभर मिळाली, पण ती मोबाइलपुरती होती. १८०० मध्ये मधला कोड कंपनीचाच असतो. अशा वेळी शेवटचे चार आकडे दोन्हीकडे सारखे मिळवणं हाच लोकांच्या लक्षात राहण्याचा मार्ग.

नंबर मिळाला म्हणजे तो लागतोच असंही नव्हतं. मोबाइल आले तेव्हा एका कंपनीचा टोल फ्री नंबर दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लागेलच याची खात्री नव्हती. कारण सरळ आहे. फोन करणारा पैसे देत नाही, नंबर घेणारा आपल्या टेलिफोन कंपनीला देतो. मग ज्याच्या जाळ्यातून फोन निघाला त्याला काय मिळणार? हा हिशोब जुळेपर्यंत गिऱ्हाइकाला ऐकू यायचं, 'ही सेवा उपलब्ध नाही.' २००६ मध्ये ट्रायनं नियम काढला की कुठल्याही कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या अशा सेवांपर्यंत पोचता आलं पाहिजे.

या गोष्टीचं महत्त्व गावात जास्त. २१ जानेवारी २००४ ला केंद्र सरकारनं किसान कॉल सेंटर सुरू केलं. नंबर होता १५५१. पुढे तो १८००-१८०-१५५१ झाला. जुना छोटा नंबर नव्या मोठ्या नंबराच्या शेपटीत जपून ठेवलाय. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत तिथे शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस असतो. धानावर तुडतुडे आले तर काय फवारायचं, हे विचारायला गोंदियाला जायचं आणि कृषी केंद्रवाला जे देईल ते घेऊन यायचं, की बांधावरून फोन लावायचा? यातला दुसरा रस्ता तेव्हाच खरा होतो, जेव्हा खिशात कुठल्याही कंपनीचं सिम असलं तरी तो नंबर लागतो.

*

आता त्या नंबरांकडे येऊ, जे दुकानात मिळत नाहीत आणि लिलावातही नाहीत.

१९३५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. शेजाऱ्यानं अग्निशमन दलासाठी फोन फिरवला, पण एक्स्चेंजनं त्याला रांगेत ठेवलं. त्या आगीत पाच बायका गेल्या. ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. हा नंबर फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा, आणि ऑपरेटर हातातलं काम सोडून तो फोन आधी घ्यायची. पैसे न लागणं हा त्यातला छोटा भाग होता. मोठा भाग हा की तुमच्यासाठी एक वाट मोकळी राखून ठेवलेली होती.

आपल्या राज्यातलं असं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईत जन्मलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावर आणि स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांमध्ये काम करत होत्या. मुलांना त्यांनी स्वतःच्या घरचा नंबर देऊन ठेवला होता. रात्री-अपरात्री फोन यायचे: कुणी आजारी आहे, कुणाला मारलंय, कुणाला पोलिसांनी उचललंय. एका घरच्या फोनवर एका शहराची मुलं किती दिवस सांभाळणार? त्यातून १९९६ च्या जूनमध्ये चाइल्डलाइन सुरू झाली. नंबर १०९८.

हा नंबर मोठ्यानं वाचून बघा. एक हजार अठ्ठ्याण्णव असं कुणी म्हणत नाही. मुलं म्हणाली, 'दस, नौ, आठ.' उलटी गिनती. ज्या मुलाला वाचता येत नाही, ज्याच्याकडे नंबर लिहून ठेवायला कागद नाही आणि कागद ठेवायला खिसा नाही, त्यालाही हे आकडे विसरता येत नाहीत. दहा अंकांतून चार निवडायचे आणि ते पळून आलेल्या मुलाच्या डोक्यात राहिले पाहिजेत, यापेक्षा चांगलं डिझाइन मी माझ्या क्षेत्रात अजून पाहिलेलं नाही.

१९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन उभं राहिलं आणि नंबर देशभर पसरत गेला. २०२३ पासून तो टप्प्याटप्प्यानं सरकारी यंत्रणेकडे आणि ११२ या एकाच आपत्कालीन नंबराच्या जोडीला गेला. म्हणजे पलीकडची माणसं बदलली, संस्था बदलली, सॉफ्टवेअर बदललं. मुलाला मात्र काही नवीन शिकावं लागलं नाही. गोंदियासारख्या जंक्शनवर, जिथे हावडा-मुंबई मार्गावरच्या गाड्या थांबतात, एखादं मूल चुकीच्या गाडीतून उतरलं तर त्याच्यासाठी आजही आकडे तेच आहेत.

मी स्वतः हा नंबर एकदा लावलाय. सहावीत असेन. शाळेच्या भिंतीवर १०९८ रंगवलं होतं आणि पैसे लागत नाहीत असं बाईंनी सांगितलं होतं. दुकानातल्या लाल डब्याजवळ आम्ही तिघी गेलो. दुकानदार काका म्हणाले, "रुपया टाकायचा नसन तं फोनला हात लावू नका." त्यांचंही चूक नव्हतं. आमच्या फुकट फोनमधून त्यांच्या डब्यात काय पडणार होतं? मग ते आत गेले तेव्हा आम्ही लावलाच. पलीकडून बाईचा आवाज आला, "बोल बेटा." आम्ही गप्प. ती पुन्हा म्हणाली, "बोल, मी ऐकतेय." आमच्यातली एक खुदकन हसली आणि आम्ही फोन ठेवून पळालो.

खूप वर्षांनी वाचलं की चाइल्डलाइनला येणाऱ्या फोनमध्ये असे गप्प फोन भरपूर असायचे, आणि ते ठेवून द्यायचे नाहीत हे त्या कामाचाच भाग होतं. काही मुलं आधी नुसती तपासून बघतात, की पलीकडे खरंच कुणी आहे का. आम्ही तिघी मजा म्हणून गेलो होतो असं मी इतकी वर्षं समजत होते. त्यातली एक पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. तिला काही सांगायचं होतं का, हे आता कळायचा मार्ग नाही. पण ती बाई रागावली नव्हती, एवढं तिनंही ऐकलं होतं.

*

बाबांच्या प्रश्नाकडे परत येते. काय फरक पडतो?

फोन फुकट व्हायला आपल्याकडे फार वेळ लागला नाही. २००३ मध्ये मोबाइलवर येणाऱ्या फोनचे पैसे बंद झाले, आणि लोकांनी स्वतःचा टोल फ्री नंबर शोधून काढला: मिस्ड कॉल. बाहेरगावी शिकणारी मुलं घरी एक रिंग द्यायची, घरचे परत लावायचे. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉल देऊनच पाठिंबा कळवला. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि बोलण्याचे वेगळे पैसे ही कल्पनाच संपत गेली.

तेव्हापासून बाबांच्या पिढीला १८०० आणि दहा आकडी मोबाइल नंबर यात फरक दिसेनासा झाला. टोल फ्रीची ओळख आम्ही त्यांना 'फुकट' एवढीच करून दिली होती, आणि फुकट आता सगळंच आहे. पण त्या नंबराचं दुसरं काम अजून संपलेलं नाही. महावितरणच्या बिलावरचा नंबर त्या ग्राहकाला नेमून दिलेला आहे. १९१२ विजेच्या तक्रारीसाठी राखलेला आहे. १०९८ दुसऱ्या कुणाला मिळूच शकत नाही. दहा आकडी नंबर मात्र कुणाच्याही खिशातल्या सिमचा असू शकतो, आणि इंटरनेटवर त्याच्यासमोर कुठल्याही कंपनीचं नाव लिहिता येतं. बाबांना त्या दुपारी फुकट फोन हवा नव्हता. त्यांना राखीव फोन हवा होता.

हे राखणंही सांभाळून करावं लागतं. सायबर फसवणुकीसाठी २०२१ मध्ये १५५२६० हा नंबर आला आणि वर्षभरात त्याच्या जागी १९३० आला. नवा नंबर सोपा आहे, हे बरंच झालं. पण ज्यानं जुना पाठ केला असेल त्याला पुन्हा शिकावं लागलं. मानसिक आरोग्याच्या टेलि-मानसनं २०२२ मध्ये शहाणपणा केला: छोटा नंबर १४४१६, आणि लांब नंबर १८००-८९-१४४१६. एक लक्षात असला की दुसरा आलाच.

आणि एक गंमत. २०२४ मध्ये दूरसंचार विभागानं बँका आणि सरकारी कार्यालयांनी लोकांना करायच्या फोनसाठी एक वेगळी मालिका राखली, म्हणजे फोन खरा की खोटा हे आकड्यावरून ओळखता यावं. ती मालिका १६०० ची. जे आकडे एकेकाळी आपण त्यांना फुकट फोन करावा म्हणून होते, ते आता त्यांचा आपल्याला आलेला फोन ओळखण्यासाठी परत आलेत.

दिवाळीत मुर्रीला गेले तेव्हा बाबांबरोबर बसून आम्ही एक यादी केली. प्रत्येक नंबर बिलावरून, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घेतला, इंटरनेटवरून एकही नाही. ३४३५ त्यांना पाठच होता, तरी लिहिला. १९३०, ११२, १५५१ लिहिले. बँकेचा आणि टीव्हीवाल्यांचा लिहिला. शेवटी मी १०९८ लिहायला लागले तर बाबा म्हणाले, "आता घरात लहान कोण आहे?"

"राहू द्या," मी म्हटलं. "शेजारची पोरं येतात ना टीव्ही बघायला."

यादी कॅलेंडरच्या मागे चिकटवली आहे. जानेवारीत कॅलेंडर बदललं तेव्हा बाबांनी ती सोडवून नव्याच्या मागे लावली, आणि मला तिचा फोटो पाठवला.